रमाबाईंच्या वाटेचा जमाखर्च



मागच्या महिन्यात इथे काही लिहिलं नाही, कारण घरात एक वाद चालू होता. माझ्या भाचीचं लग्न दोन वर्षांत मोडलं. काय झालं, कोणाचं चुकलं, ते तिचं तिच्यापाशी राहू दे. माहेरी परत आल्यावर चार महिने ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही आणि मग एक दिवस उठून म्हणाली, मला नोकरी लागली आहे. काम कसलं, तर गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांना हिशेब लिहायला शिकवायचं. महिन्यातले वीस-बावीस दिवस एसटी, लॉज, नाहीतर कोणाच्या तरी घरी मुक्काम. माझी बहीण रडायला लागली. मी समजूत घालायला गेले आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच बोलले, "अगं, आधी एका जागी नीट बस. मन थाऱ्यावर येऊ दे. मग बघू नोकरीचं." ती शांतपणे म्हणाली, "मावशी, घरात सगळे माझ्याकडेच बघत असतात. एसटीत कोणी बघत नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी आले, दोन दिवस धुसफुसले, आणि मग पंडिता रमाबाईंबद्दल जे जे हाताशी होतं ते काढून वाचायला बसले. त्याच का, ते सांगते. "एका जागी बस" हे मी म्हटलं खरं, पण म्हणताना मनात कुठेतरी एक बाई चालत होती. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही, बरोबर एक भाऊ. शाळेत असताना बाईंनी सांगितलेली गोष्ट असावी.

रमाबाईंचं नाव आपल्याला दोन-तीन गोष्टींसाठी माहीत असतं. संस्कृत पंडिता, शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, आणि त्या ख्रिस्ती झाल्या. त्या शेवटच्या गोष्टीवर आपल्याकडे इतकं बोलून झालं आहे की बाकीचं झाकून गेलं. मी तिकडे जाणारच नाही. मला या वेळी एकच गोष्ट बघायची होती. सहा महिन्यांची असताना ही मुलगी घराबाहेर पडली ती चोवीस वर्षांची होईपर्यंत बहुतेक रस्त्यावरच राहिली. तिथे ती जगली कशी? पोट कशावर भरलं? आणि माणसं एकामागून एक गेल्यावर ती पुन्हा चालायला कशी लागली? बी.कॉम. झाल्यापासून नोकरी एक दिवस केली नाही मी, पण गोष्ट कुठलीही असो, पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे विचारायची खोड गेली नाही.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी गुरूंबरोबर पुण्याला पेशव्यांच्या वाड्यात जायचे आणि तिथे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकताना त्यांनी पाहिलं. बाई शिकू शकते हे त्यांच्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं. पहिल्या पत्नीला शिकवायला गेले, जमलं नाही. ती वारल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी, गोदावरीच्या घाटावर भेटलेल्या एका यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. हो, देऊनच टाकली. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या तीर्थाला निघूनही गेला. ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई. तिला शास्त्रीबुवांनी संस्कृत शिकवलं, लोकांनी त्रास दिला, मग ते सह्याद्रीत गंगामूळच्या रानात घर बांधून राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ ला रमाबाई जन्मल्या.

रानात घर असलं तरी विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि आलेल्याला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही हा बाणा. असा पाहुणचार करता करता कर्ज झालं आणि घर सोडावं लागलं. रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात ठेवून, तो पेटारा गड्याच्या डोक्यावर देऊन त्यांना डोंगराखाली आणलं. तेव्हापासून हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडू लागलं: आई, वडील, मोठी बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि ही धाकटी.

आता त्यांचा धंदा बघा. धंदा म्हटलेलं शास्त्रीबुवांना आवडलं नसतं, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. ते पुराणिक होते. देवळात, नदीच्या घाटावर, लोकांची ये-जा असेल अशा ठिकाणी बसायचं, पोथी उघडायची आणि खणखणीत आवाजात वाचायला लागायचं. येणारे-जाणारे नमस्कार करतात, घटकाभर ऐकतात, ऐकल्याचं पुण्य पदरात घेतात आणि जाताना पोथीपुढे फूल, फळ, तांदूळ, वस्त्र, पैसा असं काहीतरी ठेवतात. मागायचं नाही. ही भीक नाही, ही दक्षिणा. आणि मजुरीही नाही. तीन-चार महिने एका गावी, मग पुढे. कधी पायी, कधी बैलगाडीने.

आमच्याकडे आर्यिका माताजींचा विहार असतो तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. भर उन्हात हमरस्त्याच्या कडेने पिंछी-कमंडलू घेऊन चालणाऱ्या माताजी पाहिल्या की माझे हात आपोआप जोडले जातात. पण दोन्ही वाटांमध्ये मोठा फरक आहे. माताजींनी संसार सोडलेला असतो, त्यांना काही मिळवायचं नसतं आणि पुढच्या गावचे श्रावक आहाराची तयारी करून वाट बघत असतात. पुराणिक मात्र गृहस्थ. बायकामुलं, भांडीकुंडी, पोथ्यांची बासनं, सगळा संसार घेऊन तो चालतो आणि संध्याकाळी पोथीपुढे काय पडलं त्यावर चूल ठरते.

या चालत्या घरात एक फार चांगली गोष्ट होती. लक्ष्मीबाई धाकटीला पहाटे, कामं सुरू व्हायच्या आधी, झोपेतून उठवून मांडीवर घ्यायच्या आणि पाठ द्यायच्या. बारा वर्षांची होईपर्यंत मुलीला पुराणांतले १८,००० श्लोक तोंडपाठ होते. मराठी आईकडून आली. कानडी, हिंदुस्थानी रस्त्यावर आल्या, पुढे बंगालीही तशीच आली. घर असतं तर यातलं निम्मंही झालं नसतं, कारण घर असतं तर मुलगी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर लग्न करून गेली असती. थोरल्या कृष्णाबाईचं तसं झालं होतं आणि ते लग्न सुखाचं झालं नाही. म्हणून आईवडिलांनी धाकटीची घाई केली नाही. मोडलेल्या एका लग्नाचा दुसऱ्या मुलीला असाही उपयोग होतो, हे वाचताना मी थोडी थांबले.

आता खर्चाची बाजू. शास्त्रीबुवांकडे पूर्वी जमीन होती, पैसा होता, पोथीपुढे येतही होतं. पण येईल ते ब्राह्मणभोजनात, दानात, उपासतापासात आणि देवदर्शनात जाई. शिल्लक शून्य. आणि शिल्लक टाकणं म्हणजे देवावरचा अविश्वास अशी समजूत. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत धान्य महागलं, दुष्काळाची चाहूल लागली. ज्याच्याच घरात दाणा नाही तो पोथीपुढे काय ठेवणार? बुडणाऱ्या धंद्याचं लक्षण असं असतं की आधी गिऱ्हाईक गरीब होतं. दागिने विकले, भारी वस्त्रं विकली, चांदी विकली, शेवटी स्वयंपाकाची तांब्यापितळेची भांडीही विकली. आणि मैत्रिणींनो, यातलाही बराच पैसा दानधर्मातच गेला, की देव प्रसन्न होईल आणि वाईट दिवस फिरतील. हे रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे आणि त्यात कुठेही आईवडिलांबद्दल अनादर नाही, पण दुःख आहे.

सगळं संपल्यावर ते तिरुपतीजवळच्या रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्या. वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. सगळ्यांचा निरोप घेतला, धाकटीला जवळ घेऊन शेवटचं सांगून झालं, आणि तेव्हा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. पडेल ते काम करतो.

त्या वाक्याशी मी फार वेळ अडकले. हा मुलगा अंगाने उपाशी होता, पण हातपाय धड होते. मग हे आधीच का नाही? कारण त्याला शिकवलंच तसं होतं. रमाबाई लिहितात त्याचा आशय असा, की आम्हाला भीक मागायची लाज होती, हलकं काम करायची लाज होती, आणि प्रामाणिकपणे चार पैसे मिळवायची दुसरी रीत कोणी शिकवली नव्हती. शास्त्रं सगळी आली, पण पोट भरायची विद्या नाही. आपण मुलांना काय शिकवतो आणि काय शिकवायचं राहून जातं, याची मी माझ्यापुरती एक यादी केली. ती इथे देत नाही, माझी मुलं हे वाचतात.

उशीर झाला होता. वडील गेले. पाठोपाठ आई गेली. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. स्मशान तीन मैल. रमाबाई उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. सोळा वर्षांची मुलगी. नंतर बहीण पटकीने गेली. पाचांतले दोघे उरले.

लोक वाट चांगली असते, वाटेवर मन हलकं होतं, असं फार सोपेपणाने बोलतात. या वाटेने तीन माणसं खाल्ली, हे आधी मांडलं पाहिजे. नाहीतर माझा हिशेब खोटा ठरेल.

पण नंतर जे झालं त्याचंच मला नवल वाटत आलं आहे. या दोघा भावंडांनी कुठेतरी थांबायला हवं होतं. कोणी दूरचा नातेवाईक, कुठला मठ, एखादं अन्नछत्र. ते थांबले नाहीत. दक्षिणेतून निघून उत्तरेत थेट काश्मीरपर्यंत, मग पूर्वेकडे कलकत्त्यापर्यंत. रमाबाईंनीच आकडा दिला आहे: ४,००० मैलांहून जास्त. म्हणजे साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, आणि बहुतेक पायी. आसरा धर्मशाळांचा. अंगावर जाडंभरडं वस्त्र. जिथे मिळालं तिथे जेवले, नाहीतर मीठ लावून भिजवलेले दाणे, नाहीतर रानातली बोरं. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी अशी होती की अंगावर घ्यायला काही नाही म्हणून दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात उतरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. अशी रात्र काढली.

आपण शिखरजीला किंवा मांगी-तुंगीला गेलो की धर्मशाळेत गादी पातळ आहे, गरम पाणी उशिरा आलं म्हणून कुरकुर करतो. मीही करते. धर्मशाळा या शब्दाचा अर्थ मला या वाचनाने नव्याने कळला. जिचं कुठेच कोणी नाही अशा मुलीला रात्री दार बंद करून झोपता येईल अशी ती एकच जागा होती. कोणीतरी, कुठल्यातरी काळी, पुण्यासाठी म्हणून बांधली आणि झोपणाऱ्याचं नाव-गाव विचारलं नाही. वडिलांचं सगळं दान वाया गेलं असं मी वर लिहिलं ना, ते तितकंसं बरोबर नाही. दुसऱ्या कोणाचं तरी दान यांच्या कामी आलं.

या चालण्यात काम होतंच. पोथी होती, श्लोक होते. पण हळूहळू काहीतरी बदललं. पूर्वी ही मुलगी घाटावर श्लोक म्हणायची. आता ती स्वतःचं बोलायला लागली. वाटेत बायका बघितल्या होत्या: विहिरीवर, धर्मशाळेत, काशीला सोडलेल्या विधवा, आठ वर्षांच्या नवऱ्या. त्यांच्याबद्दल, मुलींना शिकवा याबद्दल ती व्याख्यानं देऊ लागली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले तेव्हा तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. गंमत बघा, इतकी वर्षं जे ज्ञान तांदळाच्या मुठीवर विकलं जात होतं, तेच आता सभेत मानाने ऐकलं जाऊ लागलं. माल तोच. बाजार बदलला.

१८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास गेला. चार हजार मैल बरोबर चाललेला एकुलता एक माणूस. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, आंतरजातीय, नोंदणी पद्धतीने. त्याच्या लोकांनी त्याला वाळीत टाकलं. आसामात सिलचरला पहिल्यांदा त्यांचं घर झालं: भिंती, चूल, दार. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला बिपिनबिहारी पटकीने गेले. संसार एकोणीस महिन्यांचा. मुलगी दहा महिन्यांची.

इथे माझं पुस्तक मी उलटं ठेवलं आणि चहा करून आले.

त्या काळी विधवेने निदान वर्षभर कोपऱ्यात बसायचं. रमाबाईंना बसायला कोपराच नव्हता, हे एक. पण बसायचं असतं तर कोणी ना कोणी दिला असता. त्या काही महिन्यांत पुण्यात आल्या. कडेवर मनोरमा. जूनमध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला, पुढे गावोगाव फिरून त्याच्या शाखा काढल्या. त्याच वर्षी सरकारच्या हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली, की मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात. आणि त्याच वर्षी 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहून छापलं. वर्ष एकच, १८८२. फेब्रुवारीत नवरा गेलेला.

त्या पुस्तकाचा हिशेब मला फार आवडतो. इंग्लंडला जाऊन शिकायचं होतं, बोटभाड्याला पैसे नव्हते. पुस्तक विकून ते उभे केले. वडील पोथी उघडून बसायचे आणि पुढे काय पडेल ते देवाच्या हाती असायचं. मुलीने पोथी स्वतः लिहिली, तिला किंमत लावली आणि त्या पैशाचं काय करायचं ते आधी ठरवलं. रस्ता तोच होता, पण आता तिला मागून काही ओढत नव्हतं, पुढे जायचं ठिकाण होतं.

इंग्लंडमध्ये काय झालं ते थोडक्यात सांगते. १८८३ मध्ये गेल्या, वॉन्टेजच्या मठात राहिल्या, तिथे बाप्तिस्मा झाला, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि संस्कृत शिकवलं. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते राहिलं.

१८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं. आपल्या आनंदीबाई जोशी ११ मार्चला डॉक्टर होणार होत्या, त्या समारंभाला. रमाबाई गेल्या काही दिवसांसाठी आणि राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यांनी सुमारे ३०,००० मैल प्रवास केला, बहुतेक आगगाडीने. आज या गावी व्याख्यान, उद्या त्या गावी. काम एकच: भारतातल्या उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा काढायची आहे, पैसे द्या. १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, 'द हाय-कास्ट हिंदू वूमन', आणि ते आईला, लक्ष्मीबाईंना अर्पण केलं.

आणि बघा, इथे शास्त्रीबुवांची मुलगी त्यांच्याहून कशी वेगळी वागली. व्याख्यानानंतर झोळी फिरवून मिळेल ते घेऊन निघून जायची रीत तिला माहीत होती, लहानपणापासून तेच पाहिलं होतं. ते तिने केलं नाही. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं. गावोगावी त्याची मंडळं निघाली आणि सभासदांनी कबूल करायचं ते असं: वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. एक डॉलर म्हणजे कोणालाही जड नाही. पण दहा वर्षं म्हणजे शाळेचं भाडं, धान्य, शिक्षिकांचा पगार पुढच्या दहा वर्षांसाठी आज ठरला. वर विश्वस्त, दर वर्षी अहवाल, पै-पैचा हिशेब. दुष्काळात ज्या घराची शेवटची भांडी विकली गेली त्या घरातली मुलगीच असा विचार करू शकते. मी कॉलेजात वार्षिक वर्गणी आणि देणगी यांच्या नोंदींतला फरक पाठ केला होता. तो फरक म्हणजे काय हे मला आत्ता, साठी उलटल्यावर समजलं.

एक खर्च मात्र मला या वहीत मांडताच येत नाही. मनोरमा. अमेरिकेला आईबरोबर गेली होती, पण या फिरतीत पाच वर्षांच्या मुलीला कुठे कुठे नेणार? तिला इंग्लंडला वॉन्टेजच्या मठातल्या भगिनींकडे परत पाठवलं. स्वतःला आईने मांडीवर घेऊन शिकवलं, आणि आपल्या लेकीला आगबोटीवर चढवून दिलं. काही लोक याबद्दल रमाबाईंना नावं ठेवतात. मी ठेवत नाही, पण मला ते पटलं असंही नाही. मनोरमा पुढे आईच्याच कामात आली, आईचा उजवा हात झाली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या.

जपानमार्गे मुंबईला परत येऊन त्यांनी ११ मार्च १८८९ ला चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी दोन. त्यांतली एक विधवा, कोकणातली गोदूबाई, आठव्या वर्षी वैधव्य आलेली. चार वर्षांनी, पुन्हा ११ मार्चलाच, तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे, आपल्या बाया कर्वे झाली. कर्व्यांच्या विधवांच्या आश्रमासाठी बायाही पदर खोचून वर्गणी गोळा करत फिरल्या. आणि त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, विसाव्या वर्षी विधवा, पदरात एक मुलगा, सव्विसाव्या वर्षी धडे गिरवायला बसलेली, ती तर हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत वर्षानुवर्षं गावं पालथी घालत राहिली. १९१८ मध्ये, पन्नाशीकडे झुकलेली असताना, तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट, स्वयंपाकघरातली कामं करून राहिली, इंग्रजी शिकली, आश्रमासाठी पैसे जमवले आणि १९२० मध्ये परत आली. 'माझी कहाणी' हे तिचं पुस्तक मिळालं तर वाचा. मला ते रमाबाईंपेक्षाही जवळचं वाटतं, कारण त्यात पांडित्य नाही, घरकाम आहे. जे काम आपण फुकट करतो त्यावर ती बाई परक्या देशात जगली. आणि श्रीनिवासला जे वाक्य बोलायला मरणाच्या दारात जावं लागलं, "पडेल ते काम करतो", ते हिने बोटीवर चढताना मनाशी बोलून टाकलेलं असणार.

आपल्याकडे 'पायाला भिंगरी लागली आहे' असं बाईबद्दल म्हणतात ते कौतुकाने म्हणत नाहीत. माझ्या आजेसासूबाई शेजारच्या एका मास्तरीणबाईंना तसं म्हणायच्या. त्या बाई विधवा होत्या आणि सुट्टीत पुस्तकं विकत फिरायच्या. मी तेव्हा नवी नवरी, मान डोलवायची. आता वाटतं, एकदा त्यांना घरात बोलावून पाणी तरी विचारायला हवं होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा रमाबाई पुन्हा निघाल्या, मध्य प्रांतात. आता चाळिशीच्या जवळ आलेल्या, शाळा स्थिर झालेली, निघायची सक्ती नव्हती. रस्त्याच्या कडेला, अन्नछत्रांबाहेर ज्या मुली आणि विधवा सापडल्या त्यांना घेऊन आल्या. एक-दोन नव्हे, शेकडो. केडगावला त्यांच्यासाठी जमीन घेतली, विहिरी खणल्या, आणि त्या मुलींना काय शिकवलं माहीत आहे? अक्षरओळख तर होतीच, पण शेती, विणकाम, शिवण, दूधदुभतं, पुढे छापखान्यातलं काम. हाताला काहीतरी विद्या दिल्याशिवाय एकीलाही सोडलं नाही. तिरुपतीच्या रानातले अकरा दिवस त्या विसरल्या नव्हत्या, असं मला वाटतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी बहिणीकडे गेले. भाची बॅग भरत होती. मी तिला रमाबाईंची गोष्ट सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "मावशी, मला कोणी महान बाई व्हायचं नाहीये. मला फक्त सकाळी उठून कुठेतरी जायचं आहे." मग मी गोष्ट बंद केली आणि विचारलं, प्रवासखर्च कंपनी देते का, पावत्या जपून ठेवतेस ना, पगारातलं किती बाजूला टाकतेस. त्यावर मात्र तासभर बोललो. तिने स्वतःच्या खर्चाची वही काढून दाखवली. एक चूक होती, आगाऊ घेतलेले पैसे तिने जमेला धरले होते. ती सुधारून दिली.

दशम्या मी केल्या होत्या, दुधात भिजवून, चार दिवस टिकतील अशा, बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम ती अजून पाळते, आणि एसटी संध्याकाळी कुठे असेल याचा नेम नाही. तिने डबा उघडला, निम्म्या दशम्या काढून परत माझ्या हातात दिल्या.

"एवढ्या नकोत गं मावशी. तिथल्या बायका जेवल्याशिवाय सोडत नाहीत."